पेटीवरचं दुसरं नाव

१

ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या चष्म्यांच्या डब्यांखाली, कित्येक वर्षं पडून होतं. ‘काका, एकच विचारते. ते भाऊजीच होते ना? हो की नाही, एवढंच कळवा. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?’ बस्स. खुशाली नाही, नमस्कार नाही. उत्तर लिहायला मी अनेकदा बसलो. ‘अनेक आशीर्वाद’ इथपर्यंत यायचो आणि पेनाला टोपण लावून टाकायचो. आयुष्यभर मी ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक घालायचं काम केलं. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागेवर ठेवणं मला जमतं. स्वतः लिहायचं म्हटलं की प्रत्येक शब्द चुकीच्या कपाटात गेल्यासारखा वाटतो. तरी सांगतो, जमेल तसं.

मुलाने मला या देशात आणलं तेव्हा आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर आपलीच भाषा बोलणारं एक जोडपं राहत होतं. नवरा सामान पोचवायची व्हॅन चालवायचा. बायको घरी बसून लोकांचे कपडे लहान-मोठे करून द्यायची. तिच्या शिलाई मशीनची घरघर दिवसभर आमच्या छतातून यायची. दुपारी ती थोडा वेळ थांबे, तेव्हा मी पुस्तक मिटून चहा टाकत असे. घड्याळ बघायची गरजच नव्हती. त्यांच्याकडे बायकोची धाकटी बहीण नुकतीच राहायला आली होती. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायचं काम तिला मिळालं होतं. मी मनात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचो. इथंही तेच म्हणतो.

एका संध्याकाळी धाकटी आमच्या दारात उभी राहिली. हात इस्त्रीच्या वाफेने लाल झालेले.

“काका, पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा.”

“काय गेलं?”

“बँकेचं पाकीट. पाठवलं म्हणतात, आणि मला मिळत नाही.”

नवीन माणसाला इथं खातं उघडायचं असेल तर बँक एक पाकीट साध्या टपालाने घरच्या पत्त्यावर पाठवते. आत एक आकडा असतो. तो घेऊन बँकेत गेलं की माणूस खरोखर त्या पत्त्यावर राहतो हे सिद्ध होतं. पाकीट मिळालं नाही तर तुम्ही राहतच नाही.

“लाँड्रीचे साहेब म्हणतात, पगार दुसऱ्याच्या खात्यात टाकणं आता चालणार नाही. महिनाअखेरपर्यंत स्वतःचं खातं दाखव, नाहीतर येऊ नकोस. काम गेलं की इथं राहायचा परवाना गेला, काका. आणि परवाना गेला की मी गेले.” तिने नाक पुसलं. “ताईला यातलं काही बोलू नका हं. तिला वाटतंय, खातं काय, आज ना उद्या होईल. ही गोष्ट कळली तर ती जेवायची नाही. शप्पथ घ्या.”

मी घेतली. माझ्यासारख्या माणसाला कुणी शप्पथ घ्यायला सांगितलं की नाही म्हणवत नाही.

“काका,” ती जिन्यावरून मागे वळून म्हणाली, “खालच्या टपालपेटीचं कुलूप नीट आहे. किल्ली आमच्या घरातल्या खिळ्यावर असते. म्हणजे चोर बाहेरचा नाही ना?”

२

सूनबाई म्हणाली, “बाबा, तुम्ही रहस्यकथा वाचा, करू नका.” तिचं बरोबर होतं. तरी मी खाली गेलो.

तळमजल्यावर पत्र्याच्या पेट्यांची रांग. वरच्यांच्या पेटीवर दोन नावं होती. एक नवऱ्याच्या आडनावाचं, कडा पिवळ्या पडलेलं. त्याखाली धाकटीचं, तिच्या हातचं, वर पारदर्शक चिकटपट्टी. बहीण लग्न होऊन नवऱ्याच्या नावावर गेलेली, हिचं आडनाव माहेरचं, म्हणून वेगळी पट्टी. वरची पट्टी धुळीने मळलेली, हिची मात्र कोरी करकरीत. एका कोपऱ्याला फक्त तेलाचा फिकट डाग होता.

तेल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे व्हॅन आली. पहिल्याच तासाला गुन्हेगार सापडला म्हणून मला इतकी शरम वाटली की मी आणखी माणसं शोधायला लागलो.

घरमालकीण भाडं न्यायला आली होती. बाई तोंडाने फटकळ.

“तुमच्या वरच्यांची मुलगी इथं राहते, हे मला कुणी विचारलं होतं का?” ती म्हणाली. “पेटीवर नाव आलं की माणूस कागदोपत्री भाडेकरू होतो. मला नको ती भानगड.”

“मग तुम्ही तिची पत्रं...”

“मी? अहो आजोबा, मी सोमवारी येते आणि पैसे घेऊन जाते. दुसऱ्याचं टपाल चोरायला मला वेळ कुठाय? मला ती नकोय, तर तोंडावर सांगेन की.” आणि वर बघून तिने खरंच ओरडून सांगितलं.

मग मी वर गेलो. थोरली मशीनवर होती, नवरा बूट काढत होता, धाकटी भांडी पुसत होती.

“या काका, या! तपास कुठवर आला?” नवरा हसला. “मी तर म्हणतो, हिला खातं हवंय कशाला? घरातच बँक उघडून बसलोय मी. व्याज देत नाही, एवढंच.”

“माझ्या पगाराची बँक, भाऊजी,” धाकटी म्हणाली, “पैसे काढायला गेलं की नेहमी बंद असते.”

“ऐका! दोन दिवस झाले नाहीत येऊन, जीभ बघा.” तो पुन्हा हसला. धाकटी कचरा टाकायला खाली गेली. दार लागलं तसा त्याचा चेहरा बदलला. बायकोकडे न बघता तो म्हणाला, “चहात साखर कोण घालणार? तुझा बाप?” थोरलीने कप इतक्या घाईने मागे ओढला की चहा बशीत सांडला. जिन्यात पावलं वाजली, दार उघडलं, आणि तो परत हसतमुख. “घ्या काका, घ्या, आमच्या हिच्या हातचा चहा म्हणजे...”

मी चहा घेतला. पाहुण्याने काय बोलायचं असतं तेही मला कधी कळलेलं नाही.

उठताना विचारलं, “घरची पत्रं येतात ना नीट?”

“येतात की,” थोरली म्हणाली. “आईची येतात. वर यांचं नाव असतं.” मग डोळे न उचलता, “पेटीत काही बिघाड नाही, काका. उगाच पायऱ्या चढउतार करू नका, गुडघे दुखतील.”

गुडघे दुखत होतेच. पण आईची पत्रं येतात आणि बँकेची येत नाहीत, हा चोर पाकिटं निवडत होता की काय?

३

धाकटीने सुट्टी टाकली आणि आम्ही बँकेत गेलो. तिने तिचा एकुलता एक चांगला कोट घातला होता. काचेमागच्या टाय लावलेल्या मुलाने संगणकाच्या पडद्याकडे बघून सांगितलं, “पाठवलंय.”

“मिळालं नाही,” धाकटी म्हणाली.

“पण आम्ही पाठवलंय.”

“पण मला मिळालं नाही.”

“हे बघा, आमच्या बाजूने पाठवलेलं आहे.”

असं ते चाललं होतं. मागे रांग लांबत होती, कुणीतरी मोठ्याने उसासा टाकला. ग्रंथालयात एखादं पुस्तक हरवलं की नवी मुलं आधी कपाटं उपसायची. जुने लोक आधी परत आलेल्या पुस्तकांची गाडी बघायचे. नव्वद टक्के हरवलेली पुस्तकं गेलेलीच नसतात, परत येऊन पडलेली असतात.

“माफ करा,” मी काचेला म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हणालो. “ती पाकिटं तुमच्याकडे परत आलीत का, ते बघता?”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पडद्यावर त्याने दुसरीकडे कुठेतरी बोट नेलं.

“हो. आलीत. तिन्ही.”

“मग सांगितलं का नाही?” धाकटी जवळजवळ किंचाळली.

“परत आलेल्यांचा विभाग वेगळा आहे.” तो वाचू लागला. “शेरा आहे: या पत्त्यावर या नावाची व्यक्ती नाही.”

धाकटी काचेला हात लावून उभी राहिली. “मी आहे,” ती म्हणाली. “ही काय मी. मी आहे ना.”

मुलगा वाईट नव्हता. त्याने चौथं पाकीट पाठवायचं कबूल केलं. “पण हे शेवटचं,” तो म्हणाला. “हेही परत आलं तर अर्ज रद्द होतो.”

४

म्हणजे पेटीतून काही चोरीला गेलंच नव्हतं. पाकिटं पेटीत पडलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टपालवालीची वाट बघत फाटकापाशी उभा राहिलो. ती ढकलगाडी घेऊन आली. मी विचारलं आणि तिला राग आला.

“मी पाट्या वाचत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला? इथं नियम आहे. पेटीवर नाव नसेल तर पत्र टाकायचं नाही, परत न्यायचं.”

“पण नाव आहे.”

“त्या पेटीवर एकच नाव आहे. नवऱ्याचं.”

“दोन आहेत. मी रोज सकाळी फिरायला जाताना वाचतो.”

“आणि मी रोज दुपारी वाचते.” तिने माझी बाही धरली आणि मला आत नेलं.

पेटीवर एकच नाव होतं. त्याखाली पत्र्यावर चिकटपट्टीची एक स्वच्छ, चौकोनी खूण.

ती पुढच्या इमारतीकडे गेली तरी मी तिथंच उभा होतो. माझं मन नेहमी उशिरा चालतं, पण त्या वेळी चाललं. धाकटी पहाटे जाते तेव्हा पट्टी असते. मी सकाळी जातो तेव्हा असते. ती संध्याकाळी येते तेव्हा असते. फक्त टपालाच्या वेळी नसते. कोणीतरी रोज काढतं आणि रोज लावतं. म्हणून तर ती करकरीत, कारण तिच्यावर धूळ बसायला सवडच मिळत नाही. नुसतं नाव नको असतं, तर मालकिणीने एकदाच खरवडून फेकलं असतं. परत लावायचे कष्ट कोण घेतं? ज्याला धाकटीला कळू द्यायचं नाही, तो. आणि नवरा? त्याच्या हाताला लागलेलं तेल काळं असतं, त्याच्या बोटांच्या ठशांसकट. पट्टीवरचा डाग फिकट होता, पाण्यासारखा. त्याची व्हॅन तर पहाटेपासून गावाबाहेर असे. दुपारी घरात असणारं माणूस एकच होतं.

तेवढ्यात मला ऐकू आलं की काहीच ऐकू येत नाहीये. वरची मशीन थांबलेली होती. माझ्या चहाची वेळ झाली होती.

५

मी वर गेलो. दार उघडंच होतं. थोरली खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या ढकलगाडीकडे बघत होती. टेबलावर अर्धवट उसवलेली पँट, कात्री, तेलाची छोटी कुपी. आणि मशीनच्या काळ्या दांड्यावर, सुईच्या बरोबर वर, चिकटवलेली होती पट्टी. धाकटीच्या हातचं धाकटीचं नाव.

तिने वळून माझी नजर कुठे आहे ते पाहिलं. पट्टी झाकायला हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

“बसा, काका,” ती म्हणाली.

“नको.”

“मग मी बसते.” ती बसली. “दुसरीकडे कुठे ठेवली तर धूळ लागते. मग परत चिकटत नाही.”

एवढं सरळ उत्तर. पुस्तकांत तपास करणारा माणूस अशा वेळी खोलीभर फेऱ्या मारतो. मी दाराची कडी धरून उभा होतो.

“पैशांसाठी?” मी कसंबसं विचारलं.

“तिचे पैसे मला कुठले दिसतात? माझेच दिसत नाहीत.” ती हसली, पण ते हसू नव्हतं. “परवा तुम्ही आला होतात. ती कचरा टाकायला गेली तेव्हा बघितलंत ना?”

“बघितलं.”

“ती असली की ते हसतात. हात उचलत नाहीत. लोकांसमोर ते देवमाणूस. ती आल्यापासून घरात कायम लोक आहेत, काका. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी झोपते.” तिने पँटचा धागा ओढला. “खातं झालं की ती खोली बघणार. पेपरातल्या जाहिरातींवर खुणा करते, मला दिसतात. ती गेली की परत मी आणि ते.”

“तिला सांगायचं ना!”

“काय सांगू? आई तिला म्हणते, ताईसारखं घर बघायला हवं. ती माझ्याकडे बघून इथं आली. तिला काय सांगू, की हे असं आहे?” मग एकदम कणखरपणे, “आणि तिचं काय अडतंय? पगार येतोय. राहायला जागा आहे. खातं नसलं म्हणून कोण मरतं? माझं नाहीच आहे.”

मी शप्पथ घेतली होती. पण चौथं पाकीट निघालं होतं.

“बाई,” मी म्हणालो, “महिनाअखेरपर्यंत खातं झालं नाही तर तिचं काम जातंय. परवाना जातोय. तिला परत जावं लागेल.”

तिला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा उसवलेल्या कापडासारखा एका बाजूने सुटत गेला.

“मला बोलली नाही.”

“तुम्ही जेवणार नाही, म्हणून.”

तिने पट्टीकडे पाहिलं. “म्हणजे मी तिला ठेवून घेत होते आणि...” पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. नखाने कडा उचलून तिने ती पट्टी सोडवली. खाली गेली. वर आली तेव्हा हात रिकामे होते. ती माझ्या पायांपाशी बसली. तिच्या वयाच्या बाईने असं करणं मला सहन होईना.

“तिला कळू देऊ नका, काका. मी सांगेपर्यंत. मी सांगेन. माझं मी सांगेन.”

त्या आठवड्यात मी दुसरा शब्द दिला. पहिला नुकताच मोडला होता, म्हणून असेल, हा मी घट्ट धरून बसलो.

६

पाकीट आलं. खातं उघडलं. धाकटीने लाँड्रीत कागद दाखवला आणि मिठाईचा पुडा घेऊन ती आमच्या घरी आली. दोन दिवस सगळं ठीक होतं.

पण मुलगी हुशार होती. ‘या नावाची व्यक्ती नाही’ हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. टपालवालीला तिनेही गाठलं. त्या संध्याकाळी जिन्यात आवाज चढला आणि सगळी इमारत दारात आली.

“माझं नाव काढत होतात तुम्ही!”

“मी? वेड लागलंय का हिला?” नवरा व्हॅनच्या किल्ल्या हातात घेऊन उभा होता. “आईशप्पथ, मी त्या पेटीला हात लावलेला नाही.”

“दिवसभर गाडी घेऊन हिंडता, दुपारी येऊन जायला किती वेळ लागतो? माझा पगार कुणाच्या खात्यात पडत होता? माझ्या की तुमच्या?”

“अहो, सांगा कुणीतरी हिला!” त्याने आजूबाजूला पाहिलं. आयुष्यात क्वचितच खरं बोलणारा माणूस त्या क्षणी खरं बोलत होता आणि एकाही चेहऱ्यावर विश्वास नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. “काका, तुम्ही तरी...”

मी थोरलीकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीत उभी होती. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल. नवऱ्याने वळून तिच्याकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि तिचे ओठ मिटले.

“ताई,” धाकटी म्हणाली. ती आता रडत होती. “चल. मी खोली बघितलीय, दोघींची. मला काय आंधळी समजतेस? मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. खातं कशासाठी हवं होतं मला? माझ्या नावावर जागा मिळावी म्हणून. आपल्याला. चप्पल घाल आणि चल.”

मी खूप पुस्तकं वाचली आहेत. इतकी क्रूर ओळ कुठे वाचली नाही.

थोरली पांढरीफटक पडली. जिच्यापासून लपवलं, ती तिलाच सोडवायला आली होती. आता तिच्यामागे जायचं म्हणजे तिच्या पैशांवर, तिच्या छपराखाली, रोज खोटं जगायचं. नाहीतर सगळ्यांसमोर, नवऱ्यासमोर, आत्ता इथं सांगायचं.

“तू जा,” थोरली म्हणाली. “मी नाही येत.”

“या माणसासाठी?”

धाकटीने बॅग भरली. निघताना बहिणीकडे तिने पाहिलं नाही. काही महिन्यांनी मला ते पत्र आलं, दुसऱ्या गावाहून.

जिन्यातल्या त्या तमाशाचा सूड नवऱ्याने कुणावर उगवला, ते आमच्या छतातून ऐकू यायचं. मी एकदा वर जाऊन दार ठोठावलं. मुलाने एकदा पोलिसांना फोन केला. दार उघडून थोरली म्हणाली, “कपाट पडलं.”

७

नवरा गेल्या महिन्यात गेला. गाडी चालवतानाच छातीत कळ आली. परवा दुपारी थोरली आमच्याकडे आली. केस पिकलेत, चालताना भिंतीला हात लावते.

“तिचा निरोप आला,” ती म्हणाली. फोन माझ्यापुढे धरला. ‘सुटलीस एकदाची. त्या चोराचं नाव परत माझ्यासमोर काढू नकोस.’

“वाचलंत? त्यांनी मला काय केलं ते माझं मला माहीत आहे, काका. त्याचं मला काही बोलायचं नाही. पण हे त्यांनी केलं नव्हतं. शेवटपर्यंत म्हणत राहिले, मी नाही केलं, तुझ्या बहिणीने मला उगाच चोर ठरवलं. दारू प्यायले की हेच. आणि मी ऐकून घ्यायची. त्यांचं मारणं मला पटायला लागलं होतं, बघा. वाटायचं, हे चुकीच्या कारणासाठी मारताहेत, पण कारण आहे.”

“आता सांगा तिला,” मी म्हणालो.

“मी सांगितलं तर ती म्हणेल, ताई मेलेल्या नवऱ्यालाही वाचवतेय. तिने तुम्हाला विचारलं होतं ना? मला माहीत आहे. तेव्हा तुम्ही मला दाखवलं होतं ते पत्र. मीच म्हटलं होतं, थांबा.” तिने खुर्चीची पाठ धरली. “आता नका थांबू. तुम्ही लिहा. तुमचं ती खरं मानेल.”

“ती तुमच्याशी परत बोलेलच, असं नाही.”

“नाहीच बोलणार. मला माहीत नाही का?”

मी लिहिलं. ‘अनेक आशीर्वाद’ नंतर प्रथमच पुढे गेलो. ‘तू विचारलंस त्याचं उत्तर: नाही. ते भाऊजी नव्हते. पट्टी तुझी ताई काढत होती. तू जाऊ नयेस म्हणून. तुझ्या नोकरीचं तिला माहीत नव्हतं. खोली दोघींसाठी होती, हेही तिला माहीत नव्हतं.’ पट्टी दुपारची का नसायची, तेलाचा डाग कुणाचा, हे सगळं क्रमाने लिहायला घेतलं, म्हणजे तिला पटेल. मग खोडलं. हुशारी दाखवल्यासारखं वाटलं. मग परत लिहिलं, कारण त्याशिवाय ती मानणार नाही. शेवटी काय लिहावं, ते अजून सुचलेलं नाही. नुसती सही केली.

थोरली माझ्याबरोबर चालत आली. कोपऱ्यावर थांबली, पुढे येईना. मी एकटाच रस्ता ओलांडला आणि पाकीट टपालपेटीच्या तोंडात धरलं. क्षणभर वाटलं, बरोबर करतोय ना? मग सोडून दिलं.

“पडलं का?” तिने पलीकडून विचारलं.

“पडलं,” मी म्हणालो.